मंडालेचा स्वयंपाकी आणि बेनेडिक्टचे निळे द्रावण

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत ज्यांनी काम केले आहे त्यांना बेनेडिक्टचे द्रावण आठवत असेल. परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळे द्रावण घ्यायचे, त्यात ग्लुकोजच्या पाण्याचे आठ थेंब टाकायचे आणि नळी उकळत्या पाण्यात धरायची. बघता बघता निळ्याचा हिरवा होतो, हिरव्याचा पिवळा, मग नारिंगी, आणि ग्लुकोज भरपूर असेल तर शेवटी विटकरी साका. मोरचूद, धुण्याचा सोडा आणि सोडियम सायट्रेट एवढ्यावर हा खेळ चालतो. द्रावणातल्या तांब्याच्या आयनांना ग्लुकोज इलेक्ट्रॉन देते आणि लाल रंगाचे क्युप्रस ऑक्साइड तयार होते.

आमच्या सातारा-सांगलीकडची मुले या तासाला हमखास एक प्रश्न विचारतात : “सर, आपली साखर घालून बघायची का?” रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा, अशा नावांच्या सावलीत वाढलेली ही मुले. साखर म्हणजे त्यांच्या घरचीच गोष्ट. साखर घातली, नळी उकळली, की द्रावण निळे ते निळेच राहते. वर्गात कुजबूज सुरू होते. मग कोणीतरी डब्यातला गुळाचा खडा काढतो. गुळाने मात्र रंग बदलतो.

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा, कारण यात मधुमेहाचा पहिला धडा आहे. उसाची साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना अशा जागी जोडलेले असतात की इलेक्ट्रॉन देऊ शकणारी दोघांचीही टोके त्या जोडणीतच अडकून पडतात. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस आटताना थोडे सुक्रोज फुटते आणि ती टोके मोकळी होतात, म्हणून गूळ बेनेडिक्टला ‘दिसतो’. आपल्या रक्तात फिरते ती शर्करा ग्लुकोज आहे. ती साखरेतून येते, तशीच भातातून, भाकरीतून आणि उपासाच्या साबुदाण्यातूनही येते. “मी चहात साखर घेत नाही, मग माझी शुगर कशी वाढली?” असे विचारणारे पालक प्रत्येक गावात भेटतात. त्यांचे उत्तर या नळीत आहे.

हे द्रावण शाळेसाठी शोधलेले नाही. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ले बेनेडिक्ट यांनी ते १९०८ च्या सुमारास तयार केले आणि १९११ मध्ये त्यात सुधारणा केली, ती मधुमेह्यांच्या लघवीतील शर्करा ओळखण्यासाठी. पुढची कित्येक दशके ते दवाखान्यांत आणि घरोघरच्या चुलींवर उकळत राहिले. या रोगासोबत माणसे रोज कशी जगली याचा इतिहास लिहायचा झाला तर औषधांच्या यादीपेक्षा अशा साध्या साधनांकडे आधी पाहावे लागते. शर्करेचे मोजमाप कोणाच्या हातात होते आणि त्याची बातमी किती उशिरा येत होती, हे कळले की रोग्याचा दिवस कसा जात असेल हेही कळते.

मुंग्या आणि जव

मोजमाप नव्हते तेव्हा माणसे जीभ आणि मुंग्या वापरत होती. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक मधुमेह. लघवी मधासारखी गोड असते आणि तिला मुंग्या लागतात हे निरीक्षण फार जुने आहे. त्याहून लक्षणीय दोन गोष्टी या ग्रंथांत आहेत. एक म्हणजे, रोगी स्थूल असतो तसाच कृशही असू शकतो, आणि दोघांचे उपचार वेगळे हवेत, हे चरकाने सांगितले. दुसरी, पथ्यात जवाला मोठे स्थान आहे. सुश्रुताने तर निर्धन रोग्याला शंभर योजने चालायला, विहीर खणायला आणि गुरांच्या मागे फिरायला सांगितले आहे. अंगमेहनतीने स्नायू ग्लुकोज ओढून घेतात हे कळायला पुढे कित्येक शतके जावी लागली, पण परिणाम डोळ्यांना दिसत होता.

युरोपात १६७४ मध्ये टॉमस विलिस या डॉक्टरने लघवीची गोडी चव घेऊन नोंदवली. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सनने मधुमेह्याची लघवी आटवून तिच्यातली साखर दाखवली, आणि रक्ताचा द्रवही गोडसर लागतो असे लिहिले. रोग मूत्रपिंडाचा नसून सगळ्या शरीराचा आहे हा तर्क तेथून सुरू झाला. पॅरिसचे आपोलिनेर बुशार्दा यांनी १८७०-७१ च्या जर्मन वेढ्यात एक विचित्र गोष्ट पाहिली. शहरात अन्नाची टंचाई झाली आणि त्यांच्या रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाली. पिष्टमय पदार्थ कमी करा आणि शरीर हलते ठेवा, हा त्यांचा सल्ला पुढची पन्नास वर्षे युरोपभर चालला. कारण दुसरे हाती काही नव्हतेच.

हिंदुस्थानात या रोगाविषयी तेव्हा काय समज होता, याची एक नोंद आहे. १९०७ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या एक्सेटर येथील अधिवेशनात ‘उष्ण कटिबंधातील मधुमेह’ या विषयावर चर्चा झाली. तीत कलकत्त्याचे राय कैलासचंद्र बोस यांचा सहभाग होता. शहरातील सुशिक्षित, खुर्चीत बसून काम करणाऱ्या वर्गाचा हा रोग, अशी ओळख त्या काळी घट्ट झाली होती. वकील, न्यायाधीश, जमीनदार. पुढच्याच वर्षी याच वर्गातला एक रोगी, पण खुर्चीत बसणारा अजिबात नव्हे, समुद्रापार तुरुंगात गेला.

मंडालेतले सहा वर्षांचे पथ्य

२२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती आणि त्यांना मधुमेह होता. आधी साबरमती आणि मग सप्टेंबरमध्ये ब्रह्मदेशातील मंडाले. लाकडी फळ्यांची खोली, उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात गारठा. राजकीय इतिहासात आपण हे वाचतो आणि लगेच ‘गीतारहस्या’कडे वळतो. १९१०-११ च्या हिवाळ्यात, साधारण पाच महिन्यांत, शिसपेन्सिलीने लिहिलेला तो ग्रंथ. मला मात्र मुलांना शिकवताना त्या खोलीतल्या ताटाकडे बघावेसे वाटते.

टिळकांना स्वयंपाकासाठी एक ब्राह्मण कैदी दिलेला होता. वासुदेव रामराव कुलकर्णी, आपल्या सातारा जिल्ह्यातला. त्याने पुढे सांगितलेल्या आठवणी टिळकांच्या आठवणींच्या संग्रहात छापल्या गेल्या. मधुमेहामुळे टिळकांच्या जेवणावर बंधने होती. भात-पोळी बाजूला ठेवून जवाच्या पिठावर आणि दूध-तुपावर त्यांनी बराच काळ काढला असे चरित्रकार लिहितात. इन्शुलिनच्या आधीच्या काळात मधुमेही कसा जगत असे, याचे आपल्या जवळचे, माहितीतल्या माणसाचे उदाहरण एवढेच शोधायचे तर ते हे आहे. रोगी, त्याची शिस्त आणि त्याच्यासाठी चुलीपुढे बसलेला कोणी एक.

जवच का, हे आज आपण सांगू शकतो. जवात बीटा-ग्लुकान नावाचा चिकट, विरघळणारा तंतुमय पदार्थ असतो. आतड्यात तो अन्नाला दाट करतो आणि पिष्टाचे ग्लुकोज होऊन रक्तात जाण्याचा वेग मंदावतो. १९०२-०३ मध्ये जर्मनीत फॉन नूर्डेन हे ओटचा प्रयोग करत होते, त्यामागेही हाच पदार्थ होता. नूर्डेनना तो माहीत नव्हता आणि चरकालाही नव्हता. तिघांनी वेगवेगळ्या वाटांनी धान्य बदलून पाहिले.

टिळक प्रौढ वयात सुरू होणाऱ्या मधुमेहाचे रोगी असावेत हे उघड आहे, कारण त्यांच्या स्वादुपिंडातून थोडे तरी इन्शुलिन येत असणार. म्हणून पथ्यावर ते तगले. १९१४ च्या जूनमध्ये सुटून आले, होमरूलची चळवळ उभी केली, विलायतेला गेले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईला सरदारगृहात वारले. ज्या मुलांना हा रोग लहानपणी होत असे त्यांना जवाने वाचवले नसते. त्यांच्या शरीरात इन्शुलिनच नसते. त्या काळी अशी मुले निदानानंतर बहुधा काही महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत दगावत. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी त्यांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे आयुष्य वाढवले. त्या मुलांच्या छायाचित्रांतले हाडांचे सापळे पाहवत नाहीत.

टोरोंटोची बातमी आणि घरातली चूल

टिळकांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाच्या आत, ११ जानेवारी १९२२ ला, कॅनडातील टोरोंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काची पहिली सुई टोचली गेली. अर्क अशुद्ध होता, फारसा गुण आला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या सुयांनी त्या मुलाच्या लघवीतली साखर जवळजवळ नाहीशी झाली. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, कॉलिप आणि जॉन मॅक्लाउड यांची ही कथा पाठ्यपुस्तकांतही असते, म्हणून येथे लांबवत नाही. एवढेच सांगतो की मूळ पेटंट टोरोंटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देण्यात आले.

पाठ्यपुस्तक जिथे थांबते तिथे रोग्याचा खरा दिवस सुरू होतो. इन्शुलिन आले आणि एक नवीच अडचण आली : किती टोचायचे? स्वादुपिंड दर मिनिटाला रक्त चाखून आपला डोस ठरवते. सुई टोचणाऱ्या माणसाला चाखता येत नाही. कमी टोचले तर शर्करा वाढते आणि जास्त टोचले तर ती इतकी उतरते की माणूस घामाघूम होतो, बरळतो, बेशुद्ध पडतो. पाच लिटर रक्तात सर्व मिळून ग्लुकोज असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचाभर. पाचशे क्विंटल साखरेच्या थप्प्या पाहणाऱ्या आमच्या मुलांना हा आकडा सांगितला की ती आधी हसतात. या चमचाभराचा तोल सांभाळणे हेच मधुमेह्याचे रोजचे काम.

बॉस्टनचे इलियट जोस्लिन यांनी हे काम रोग्याच्या हातात सोपवायचे ठरवले. १९१८ मध्येच त्यांनी डॉक्टर आणि रोगी दोघांसाठी मिळून एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले होते. त्यांच्या दवाखान्यात रोगी वर्गात बसत, अन्न तोलायला शिकत आणि बेनेडिक्टची चाचणी स्वतः करत. लंडनचे रॉबर्ट लॉरेन्स स्वतः मधुमेही डॉक्टर. १९२३ मध्ये ते फ्लॉरेन्समध्ये मरणाच्या दारात असताना इन्शुलिनची बातमी ऐकून परत आले आणि वाचले. १९३४ मध्ये त्यांनी कादंबरीकार एच. जी. वेल्स यांच्यासह मधुमेह्यांची संघटना काढली. वेल्सही मधुमेहीच होते.

आपल्याकडे मिरजेला विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले आणि १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. सातारा-सांगलीचा रोगी मिरजेला जायचा ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण मिरज म्हणजे महिन्या-दोन महिन्यांतून एखादा दिवस. उरलेले दिवस घरात काढायचे असत. माझ्या लहानपणी वाळवा तालुक्यातल्या आमच्या एका नातेवाईक काकूंकडे माजघराच्या कोनाड्यात स्पिरिटचा दिवा, परीक्षानळीचा लाकडी चिमटा आणि निळ्या द्रावणाची बाटली असे. इन्शुलिनची बाटली माठाशेजारी, ओल्या वाळूच्या कुंडीत ठेवलेल्या छोट्या मडक्यात. फ्रीज नव्हता. ती व्यवस्था अडाणीपणाची नव्हती. बाष्पीभवनाने मडके थंड राहते, आणि उघडलेली बाटली साधारण २५ ते ३० अंशांखाली महिनाभर टिकते. जत-आटपाडी, माण-खटावच्या उन्हाळ्यात आजही वीज गेली की हाच उपाय उपयोगी पडतो. बाटली बर्फात मात्र ठेवू नये. इन्शुलिन हे प्रथिन आहे, गोठले की निकामी होते.

काकू सकाळी नळी उकळून रंग बघत आणि वहीत लिहीत : हि, पि, ना, वि. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी. त्या वहीत पुरणपोळीचे दिवस मला अजून दिसतात.

उशिरा येणारी बातमी

या वहीत एक मोठी उणीव होती आणि ती काकूंची नव्हती. मूत्रपिंडे रक्त गाळताना ग्लुकोज परत शोषून घेतात. रक्तातले प्रमाण १०० मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेले की मगच ते लघवीत सांडू लागते. म्हणजे ७० असो की १७०, नळी निळीच. निळ्या रंगाने रोगी खूश होतो, पण त्याची शर्करा धोकादायक उतरली आहे की बऱ्यापैकी चढली आहे हे त्याला कळत नाही. शिवाय लघवी मूत्राशयात कित्येक तास साठलेली असते. सकाळच्या नळीत रात्रीची बातमी असते. कालच्या वर्तमानपत्रावरून आज छत्री घ्यायची की नाही हे ठरवण्यासारखे.

बातमी ताजी व्हायला वेळ लागला. १९४१ मध्ये अमेरिकेत आपोआप तापणारी गोळी निघाली, चुलीची गरज संपली. १९५६ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमची कागदी पट्टी आली. तांब्याऐवजी आता एन्झाइम, म्हणून ती फक्त ग्लुकोजच ओळखू लागली. १९६० च्या दशकाच्या मध्यास रक्ताच्या थेंबासाठी पट्टी आली आणि १९७० मध्ये त्या पट्टीचा रंग वाचणारे यंत्र बाजारात आले. ते फक्त डॉक्टरांना मिळत असे.

येथे रिचर्ड बर्नस्टीन या न्यूयॉर्कच्या इंजिनिअरची गोष्ट सांगितली पाहिजे. बाराव्या वर्षापासून मधुमेह आणि चाळिशीच्या आतच मूत्रपिंडे, डोळे, पाय यांवर परिणाम. यंत्राची जाहिरात पाहून त्यांनी ते मागवले, पण रोग्याला देत नाहीत असे उत्तर आले. त्यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर यंत्र घरी आले. मग हा गृहस्थ दिवसातून पाच-सहा वेळा बोटातून थेंब काढून मोजू लागला, जेवण आणि इन्शुलिन त्याप्रमाणे बदलू लागला. इंजिनिअर होता, यंत्राचे मोजमाप बघून झडप उघडझाप करणे हे त्याचे रोजचेच काम. त्याने यावर लेख लिहिला तर वैद्यकीय मासिकांनी तो नाकारला. तेव्हा वयाच्या पंचेचाळिशीत तो मेडिकल कॉलेजात दाखल झाला आणि डॉक्टर होऊन बसला. १९८० च्या सुमारास घरगुती ग्लुकोमीटर सर्वांना मिळू लागले.

वारंवार मोजून शर्करा ताब्यात ठेवल्याने खरेच फरक पडतो का? हा वाद १९९३ मध्ये मिटला. अमेरिका आणि कॅनडात १४४१ रोग्यांना सरासरी साडेसहा वर्षे पाहिले होते. ज्यांनी दिवसातून चार वेळा तरी मोजून, तीन वा अधिक सुया किंवा पंप घेऊन काटेकोर उपचार केले त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. अतिकमी शर्करेचे झटके मात्र त्यांनाच जास्त आले. ही दुसरी बाजू सांगायची बरेच जण विसरतात. याच प्रयोगात तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी वापरली होती. तेहरानचे सॅम्युएल राहबर यांनी १९६८ च्या सुमारास मधुमेह्यांच्या हिमोग्लोबिनात जो फरक पाहिला होता त्यावर ती आधारलेली आहे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळात हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटत राहते. वहीत खोटे लिहिले तरी ही पेशी खरे सांगते. काकूंना ती माहीत असती तर वहीतल्या काही निळ्या रकान्यांबद्दल त्या थोड्या सावध राहिल्या असत्या.

खुर्चीतून शेतापर्यंत

१९०७ साली हा खुर्चीचा रोग होता. १९७० च्या दशकातल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत प्रौढांतले प्रमाण शहरात सुमारे २ टक्के आणि खेड्यात दीड टक्का निघाले. त्याच परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ते ११.४ टक्के आहे : दहा कोटींहून अधिक माणसे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, म्हणून आकडे थेट वजा करू नयेत, पण दिशा स्पष्ट आहे. कृष्णाकाठी उपसा सिंचन आले, मोटेच्या जागी विजेचा पंप आला, सायकलीच्या जागी मोटारसायकल. शाळूच्या भाकरीच्या जोडीला रोज भात आणि बेकरीची खारी आली. कारखान्याला दोष देणे सोपे आहे. मला वाटते, पायांचे काम गेले हे त्याहून मोठे कारण.

शिवाय एक कारण जन्माच्याही आधीचे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. ही बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांपेक्षा बारीक. पण स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकून. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांच्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. चरकाच्या कृश प्रमेह्याची आठवण व्हावी असे हे चित्र. “आमचे अण्णा काटकुळे आहेत, त्यांना कशाला शुगर होईल?” या वाक्यावर आता विसंबता येत नाही.

रोजच्या जगण्यात मग आपल्या भागाचे काही खास प्रश्न येतात. ज्वारीची भाकरी चांगली, हे खरे. पण तीही पिष्टच आहे, तिचे तंतू वेग कमी करतात, ग्लुकोज नाहीसे करत नाहीत. दीड भाकरीच्या जागी तीन खाल्ल्या तर पथ्य राहिले नाही. गूळ साखरेपेक्षा बरा ही समजूत तर आपली नळीच मोडून काढते. आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी ही बहुतेक निव्वळ पिष्ट. उपासाच्या दिवशी शर्करा चढलेली पाहून लोक चकित होतात.

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. तिच्यात इन्शुलिन घेणारे वारकरीही असतात. सुश्रुताच्या शंभर योजनांची आठवण करून देणारी ही चाल शर्करा उतरवते, कारण काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढतो. नेहमीचा डोस घेऊन नेहमीपेक्षा दुप्पट चालले आणि जेवण लांबले तर घाम, थरथर, चक्कर. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, दवाखाना गाठायचा. मधुमेह्याच्या खिशात साखरेची पुडी असावी हे ऐकून मुले पुन्हा हसतात, पण हे त्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

अनवाणी चालण्याचा प्रश्न वेगळा. वर्षानुवर्षांच्या जास्त शर्करेने पायांच्या नसा बधिर होतात, खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते. कुष्ठरोग्यांत हेच होते. मिरजेला रिचर्डसन कुष्ठरुग्णालय आहे, म्हणून हा आजार आपल्या भागाला अनोळखी नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी बधिर पायांवर काम करून मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला वापरात आणल्या. त्याच ‘एमसीआर’ चपला आज मधुमेह्यांना सांगतात. रात्री झोपताना तळपाय आरशात पाहणे हे औषधाइतकेच रोजचे काम आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आमच्या नववीच्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली. आठव्या वर्षापासून मधुमेह. पहिल्या आठवड्यात एका शिक्षकांनी तिला तासाला बाहेर जाऊ दिले नाही, दुसऱ्यांनी तासात बिस्किट खाताना पकडून उभे केले. दोघेही चांगले शिक्षक. ठाऊक नव्हते, इतकेच. केंद्रीय मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलीत खाण्याचे पदार्थ नेण्याची परवानगी दिली. आमच्या शाळेत त्यासाठी परिपत्रक लागले नाही, तिची आई येऊन अर्धा तास बोलली. सुईवरच्या खुणा दाखवल्या : बाटलीवर ४० लिहिले असेल तर ४० चीच सिरिंज, १०० असेल तर १०० ची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो. जेवणाच्या सुट्टीआधी मुलगी कोपऱ्यात बसून थेंब काढते, पाच सेकंदांत आकडा येतो, ती बोटांवर काहीतरी हिशेब करते आणि सुई टोचते.

बेनेडिक्टच्या तासाला तिनेच विचारले, “सर, पूर्वी हे रोज उकळायचे?” मी काकूंच्या वहीबद्दल सांगितले. तिने आपली जुनी पट्टी कापून आतला एन्झाइमचा ठिपका सगळ्यांना दाखवला. एका मुलाने पट्टीची किंमत विचारली. दोन-तीन चहांएवढी, असे ती म्हणाली, आणि दिवसाला चार लागतात. वर्गाने तोंडी गुणाकार केला : महिन्याच्या एकशे वीस पट्ट्या. मग पुढचा प्रश्न आला की ज्यांना परवडत नाही ते काय करतात. तिने फळ्याजवळच्या निळ्या बाटलीकडे बघितले.